बुडखे तुझ्या बाजूला

वाडी, ता. जामखेड
२८ मार्च २०२५

द्वारके,

तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच लिहिते आहे. हे पत्र तुझी निकिता वाचील, तू समोर बसून ऐकशील, आणि मधे तोंड घालायची सोय तुला नाही. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मला तो ठेवून द्यावा लागला असता.

निकिता, तू बारावीला आहेस असं भागवत मुकादम सांगत होता. तेव्हा नीट वाच, मोठ्यानं वाच. मी तुझी मावशी, प्रयागा. तुझ्या आईची सख्खी थोरली बहीण. तू मला पाहिलेलं नाहीस, कारण तुझ्या जन्माच्या आधीपासून तुझ्या आईला माझ्या घराची पायरी बंद आहे.

हनुमंत गेले. जन्मभर मी त्यांना 'अहो' म्हणत आले, आता नावानं लिहिते. आता कोण रागावणार आहे. शिमग्यानंतर सांगलीकडच्या फडात ऊस तोडता तोडता बांधावर बसले आणि उठले नाहीत. टेम्पोतून घरी आणले. तुला कळवलं नाही. ते मी विसरले म्हणून नाही. गहिनी, माझा मुलगा, नगरहून आला तेव्हा त्यानं विचारलं, "मावशीला सांगायचं का?" मी नको म्हटलं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला, त्यांच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी ठेवली, तंबाखूची पुडी ठेवली. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. एकही खाली येईना. कानिफनाथ भाऊजी पुढे झाले, हात जोडून म्हणाले, दादा, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. गहिनीनं तंबाखू सोडतो म्हणून शब्द दिला. कावळ्यालाही ते खरं वाटलं नसावं. गहिनी संध्याकाळी परत तंबाखू मळत होता. भाऊकीतल्या एकेकानं काही ना काही कबूल केलं. ऊन चढलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली.

शेजारची म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "प्रयागा, नाव घे. धाकटीचं नाव घे, म्हंजी सुटंल त्यो."

मला एवढंच म्हणायचं होतं की द्वारकेला बघेन, तिला अंतर देणार नाही. चार शब्द. सगळ्या घाटाला माहीत होतं, कावळा कशासाठी अडलाय. मी पदर तोंडावर ओढला आणि गप्प उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझा जीव ज्याच्यात होता तो माणूस उपाशी गेला, आणि मी त्याला जाऊ दिला.

प्रयागा


१९ मे

द्वारके,

भागवत मुकादम श्रीरामपूरकडून, तुमच्या बेलापूरहून आला. येताना तुझा डबा घेऊन आला. कुरडया, शेवया, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली चुंबळ, मोळीखाली डोक्यावर ठेवायची. मी ती ओळखली. माझ्याच लुगड्याची, मीच शिवलेली.

तू माझं पत्र ऐकलंस की नाही? मी तुला काय लिहिलं आणि तू मला काय पाठवलंस? भागवत म्हणाला, "तुमची धाकटी लई रडली, पर खुशीत हुती. म्हनली, आक्कानं मला आठवन केली." मी त्याला चहा दिला. कुरडया गहिनीच्या घरी नगरला पाठवून दिल्या. चुंबळ चुलीत घालणार होते. घातली नाही, कारण ती माझी आहे.

तुझ्या डोक्यात काहीतरी गोंधळ झालेला दिसतो, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. निकिता, तूही ऐक, तुझी आई तुला हे सांगणार नाही.

मी आणि हनुमंत ऊसतोडीला जायचो. तिथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही. एका हंगामात गाडी भरताना पायाखालची फळी सरकली आणि मी मोळीसकट खाली आले. कंबर कायमची गेली. मला उठून बसायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. गहिनी पहिलीत होता. भागवत दारात येऊन म्हणाला, "हनुमंता, कोयता मोडला तुझा. दुसरं मानूस बघ, न्हाईतर यंदा घरीच ऱ्हा." घरी राहून खायचं काय, ते त्यानं सांगितलं नाही.

द्वारके, तू तेव्हा आईकडे होतीस. पहिल्या घरी नांदवलं नाही म्हणून परत आलेली. आईनं तुला पाठवलं. मेव्हण्याच्या जोडीला मेव्हणी, त्यात कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. ट्रक सुटायच्या वेळेला मी खाटेवरून चुंबळ तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, "त्येंच्या जेवनाकडं बघ."

तुम्ही गेल्यावर घरात मी, सासू आणि गहिनी. छताकडे बघून बघून कंटाळा आला म्हणून मी गहिनीच्या पुस्तकातली अक्षरं ओळखायला लागले. तो शाळेतून आला की मला विचारायचा आणि चुकलं की हसायचा. पुढच्या हंगामाला तुम्ही परत गेलात, तेव्हा मी धडे वाचत होते. त्याच्या पुढच्याला ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली पुस्तकं घरी यायला लागली. तुझ्या वाट्याला माझं काम आलं, माझ्या वाट्याला बाराखडी आली. मला विचारून ही वाटणी कुणी केली नव्हती.

तिसऱ्या हंगामानंतर तुम्ही परत आलात. मी तेव्हा काठी धरून अंगणात यायला लागले होते. हनुमंत बांधावर कडवळ कापत होते, तू बांधत होतीस. त्यांनी भारा उचलला. तुझ्या डोक्यावर द्यायच्या आधी तुझ्या कमरेची चुंबळ काढली, तुझ्या डोक्यावर ठेवली, दोन बोटांनी दाबून बघितली आणि मग भारा अलगद सोडला. तू मान वळवली नाहीस. मला लग्नापासून त्यांनी किती मोळ्या दिल्या असतील, चुंबळ माझी मीच ठेवली.

फडात नवरा-बायको काम करताना एकमेकांना शिव्या देतात. लवकर धर, आंधळी झालीस का, हात मोडले का. तुम्ही शिव्यासुद्धा देत नव्हता.

त्यापुढे तुमच्यात काही होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. आजही विचारत नाही. मी बघितलं तेवढं मला पुरलं. त्याच आठवड्यात भागवतला निरोप धाडला. बेलापूरच्या श्रीमंतची, म्हणजे निकिताच्या बापाची, पहिली बायको वारली होती, त्याचाही कोयता मोडला होता. मी म्हटलं, माझी बहीण आहे, पाट लावून दे. श्रीमंतचं वय झालेलं होतं आणि दातही पडले होते, पण माणूस शांत होता. तू एकदासुद्धा नाही म्हणाली नाहीस. "आक्का म्हनती तर जाते." एवढंच बोललीस. हनुमंत बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी केलं ते बरोबर केलं. दुसरी बाई असती तर तुला झिंज्या धरून बाहेर काढली असती. मी तुला घर दिलं.

आता परत काही पाठवू नकोस.

प्रयागा


१४ जुलै

द्वारके,

पाठवू नकोस म्हटलं तरी भागवतच्या हातून पातळ आलं. पांढऱ्यावर निळी फुलं. विधवा बहिणीला शोभेल असं बघून घेतलंस. निकिता वाचते की झोपा काढते? की तुझ्या कानात काही शिरतच नाही?

मग आता हे ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू बेलापूरला गेल्यावर मी परत फडात गेले. कंबर बरी झाली नव्हती. पण कोयता पुरा करायला मीच उरले होते. निकिता, तू ऊस फक्त खाल्ला असशील म्हणून सांगते. तोडणारा पुढे सरकत जातो आणि तोडलेला ऊस मागे ढिगानं टाकत जातो. सगळे बुडखे एका बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला. बाई मागून येते, वाढ्याला, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ देऊन मोळी आवळते. बाई उजव्या हाताची असली की बुडखे एका अंगाला टाकतात. डावखुरी असली की उलटे. नाहीतर तिला प्रत्येक ढिगाला वळसा घालून पलीकडे जावं लागतं.

तुझी आई डावखुरी. आमच्या आईनं तिच्या हाताला चटके दिले तरी तो हात सुधारला नाही.

पहिल्या दिवशी मी सरीत शिरले तर बुडखे उलटे. मला वाटलं, तीन हंगामांची सवय आहे, जाईल. मी वळसा घातला आणि मोळी बांधली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सगळ्या फडात ऊस एका दिशेनं पडलेला, आणि आमच्या एकट्याच्या सरीत उलटा. बाकीच्या बाया बघायच्या आणि खाली मान घालून हसायच्या. एकीनं विचारलंसुद्धा, "प्रयागाबाई, तुमी कवाधरनं डावऱ्या झाल्या?"

दुपारी भाकरी खाताना मी त्यांना म्हटलं, "माझा हात उजवा हाय."

ते म्हणाले, "हाय ना. दिसतंय की." आणि पाणी प्यायले.

द्वारके, त्यानंतर जितके हंगाम आम्ही केले तितके बुडखे तुझ्या बाजूला पडले. मुद्दाम करत होते की हातालाच तसं वळण पडलं होतं, हे मला कधी कळलं नाही. मुद्दाम असतं तर मी भांडले असते. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. दारूला शिवले नाहीत. माझी कंबर दुखली की वीट तापवून शेक द्यायचे. लोक म्हणायचे, प्रयागाचं नशीब. सकाळी तोच माणूस कोयता घेऊन सरीत शिरायचा आणि तुझ्यासाठी ऊस टाकत जायचा, आणि मी मोडक्या कमरेनं ढिगाला वळसा घालत त्याच्या मागून जायचे. असा संसार केला मी.

ते गेले त्या दिवशीही तसंच. ते बांधावर टेकले तेव्हा मी चार ढीग मागे होते. पाणी मागतात का म्हणून हाका मारत पुढे गेले. त्यांनी तोडलेला शेवटचा ऊस तिथेच पडला होता, बुडखे तुझ्या बाजूला. लोक धावत आले, त्यांना उचलून झाडाखाली नेलं. मी तो ढीग बांधला आणि मग गेले. बाया म्हणाल्या, हिला धक्का बसलाय. धक्का नव्हता. तुझ्यासाठी टाकलेला ऊस तिथे तसा राहू द्यायचा नव्हता.

आता पाठव पातळं.

प्रयागा


३ सप्टेंबर

निकिता,

हे पत्र तुला आहे. आईला दाखवू नकोस. दाखवलंस तरी काय, तिला अक्षर कळत नाही.

काल तुझा फोन आला तेव्हा मी शेळीला पाला घालत होते. तू म्हणालीस, मावशी, रागावू नका, मी आईला तुमचं लिहिलेलं वाचतच नाही. मला आधी समजलंच नाही. मग तू सगळं सांगितलंस. पहिलं पत्र आलं तेव्हा आई पीठ मळत होती. काका गेले एवढं तू वाचलंस आणि तिचे हात परातीत तसेच थांबले. तुला पुढचं वाचवेना. मग तू कागदावर नजर ठेवून मनानं बोललीस. आक्का विचारते तू बरी आहेस का. आक्काला तुझी आठवण येते. आता आपण दोघीच उरलो. दुसऱ्या पत्राला मी तिला लहानपणीच्या गोष्टी लिहिल्या म्हणे. बोरं, ओढा, आईच्या हातचं थालीपीठ. माझ्या बापजन्मात मी थालीपिठाबद्दल कुणाला लिहिलं नाही.

आणि तिसऱ्या पत्रातलं तू एवढंच खरं वाचलंस, की काका शेवटपर्यंत बुडखे तुझ्या बाजूला टाकत होते. मी विचारलं, तेच का वाचलंस? तू म्हणालीस, "मावशी, बाकी सगळं बदलावं लागलं, पण हे मला चांगलं वाटलं. हे कशाला बदलायचं?"

मी फोन ठेवला. नाहीतर मी तुला जे बोलले असते ते ऐकून घ्यायचं तुझं वय नाही.

पोरी, तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? मी एकेक शब्द विचार करून लिहिला होता. तिला लागावा म्हणून लिहिला होता. तुझ्या तोंडून तिनं ऐकावा म्हणून लिहिला होता. तू माझ्या पत्राच्या आडून तिला थालीपीठ खाऊ घातलंस.

एक सांगते. बदलून वाचणं मला नवीन नाही. काही वर्षांपूर्वी वाचनालयानं शाळेच्या पटांगणात पडदा लावून एक जुना बंगाली सिनेमा दाखवला. काळा-पांढरा. खाली मराठी अक्षरं येत होती. हनुमंतही आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून हळू आवाजात वाचत होते. एका खोलीत राहणारं जोडपं होतं. नवऱ्याचं काम गेलेलं, बायको कुठे कुठे राबून घर चालवते, आणि दोघं एकमेकांशी बोलेनाशी होतात. एका जागी ती बाई खिडकीपाशी उभी राहून नवऱ्याला म्हणते, तांदूळ संपत आला. खाली तेवढंच लिहिलं होतं. मी वाचलं, "तुमचं माझ्याकडं लक्ष न्हाई."

हनुमंत पडद्याकडे बघत म्हणाले, "तिला म्हनावं, कामाच्या मान्साला कुटं येळ असतो."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बोलत का न्हाईत गं ही दोघं? बोलून मोकळं व्हावं की." आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा बदलून वाचलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. काही होत नाही.

तू म्हणालीस, आई बुडख्यांचं ऐकून उठली, गोठ्यापाशी जाऊन बसली, तोंड धुऊन आत आली आणि म्हणाली सर्वपित्रीला आक्काकडं जायचं. तिनं पिशवीसुद्धा भरून ठेवली आहे. आता ते तू निस्तर. सगळी पत्रं काढ, तिला समोर बसव आणि लिहिलंय तसं वाच. ते ऐकून ती इकडे यायची नाही. तुझ्यानं वाचवत नसेल तर काहीतरी कारण सांग, पण तिला आणू नकोस. पहिल्या वर्षी पान वाढत नाहीत, पण कावळा शिवला नव्हता म्हणून कानिफनाथ भाऊजींनी वाढायला लावलंय. वाडीतले सगळे बघायला जमतील. ती दारात आली तर मला तिला दारातूनच परत पाठवावं लागेल, आणि ते मी करीन. या घरातून तिला एकदा मीच लावून दिलेलं आहे.

तुझी मावशी
प्रयागा


२२ सप्टेंबर

निकिता,

काल तुम्ही गेलात आणि परत पावसाला सुरुवात झाली. एस.टी. मिळाली का, भिजलात का, कळव.

तू येताना माझ्याकडे बघत नव्हतीस. तेव्हाच कळलं की तू वाचलेलं नाहीस आणि कारणही सांगितलेलं नाहीस. मी चुलीपुढून उठून दारात आले, ती तिला परत पाठवायलाच. तू तुझ्या आईच्या मागे उभी राहून हातानं मला काहीतरी सांगत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघत होते. वाटेत दिसली असती तर मी ओळखली नसती. केस गेलेत, पाठीला पोक आलाय. पण पिशवी डाव्या हातात.

मी म्हटलं, "कशाला आलीस?"

ती म्हणाली, "तू बोलवलंस म्हनून."

मग भाऊजींनी तुला पानं धुवायला विहिरीवर पाठवलं. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. ती पायरीवरच बसली. आत ये असं मी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "आक्का, पोरगी लई गोड वाचती. तू एवढं गोड कवापासून लिव्हाया लागलीस?"

मी पदर सारखा केला.

"सा महिनं झालं, एक शिवी न्हाई. मला बावळट म्हनली न्हाईस, सटवी म्हनली न्हाईस. तवाच वळखलं मी. ही माझी आक्का न्हाई." ती हसली. तिचे पुढचे दात पडलेत. "पोरीला वाटतं, आईला कळत न्हाई. मी तिला तसंच वाटू दिलं. वाचताना तिचा आवाज कापतो, मग मी आपली म्हनते, वाच गं, आजून वाच."

मग हसणं थांबवून तिनं विचारलं, "खरं काय लिव्हलं हुतंस, आक्का?"

माझ्याकडे सगळं तयार होतं. सहा महिने मी हेच तर मागत होते, की ती समोर बसावी आणि मी तोंडावर सांगावं. कावळा अडला आणि मी नाव घेतलं नाही, इथपासून सांगायचं होतं. वाक्यंसुद्धा पाठ होती. ती मान वर करून वाट बघत होती. लहानपणी आई मारायला यायची तेव्हा ही अशीच बसायची, पळून जायची नाही.

मी म्हटलं, "पोरगी वाचती तेच."

"थालीपीठ बी?"

"थालीपीठ बी."

ती मान हलवत राहिली. माझं खोटं तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. मी तिला आत घेतलं नाही. ती आपणहून आत आली, कारण भाऊजींनी पान वाढायला हाक मारली.

पुढचं तू बघितलंस. पान मी वाढलं. भात, वरण, भेंडी, शेंगदाण्याची चटणी. मी कौलावर ठेवलं आणि खाली येऊन हात जोडले. पाऊस उघडला होता. कावळे समोरच्या लिंबावर येऊन बसले आणि मार्चमध्ये बसले होते तसेच बसून राहिले. वाडी जमलेली होती. परत सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि ती म्हातारी परत माझ्या कानाशी आली. माझ्या तोंडात नाव आलं होतं. तू मान किंवा नको मानूस, आलं होतं. मी तोंड उघडेपर्यंत तुझी आई पुढे झाली. शिडीवर चढली, आणि माझं पान वाऱ्यानं सरकलं होतं ते सारखं केलं, डाव्या हातानं.

म्हातारी ओरडली, "अगं बाई, घासाला डावा हात?"

ती वरूनच म्हणाली, "माजा ह्योच हात हाय."

ती शिडीवरून खाली उतरायच्या आतच कावळा आला. एक आला, मग तीन आले. पहिल्यानं शेंगदाण्याची चटणी उचलली. भाऊजींनी डोळे पुसले. बाया म्हणाल्या, सुटला बिचारा. सगळ्यांना बरं वाटलं. तुलाही बरं वाटलं, तू माझा हात धरलास. मी तो सोडवून घेतला, तुला वाईट वाटलं असेल. पण मी काय बघत होते ते तुला दिसलं नाही. मी रांधलं, मी वाढलं, मी हात जोडले. मोडक्या कमरेनं जन्मभर त्यांच्या मागून फिरले. आणि ते आले ते तिचा हात लागल्यावर. मी नाव घेतलं असतं तर निदान मी सोडलं असं झालं असतं. तेवढंही त्यांनी माझ्यासाठी ठेवलं नाही.

जेवताना तुझ्या आईनं माझं ताट माझ्या उजव्या हाताला सरकवून दिलं. मी जेवले.

जाताना तिनं चुंबळ मागितली. आठवण म्हणून. मी दिली नाही. ती माझी आहे, आणि माझ्याकडे त्या संसारातलं दुसरं काही नाही. तिला सांग, मागू नकोस. हे मात्र जसंच्या तसं सांग.

दिवाळीनंतर ट्रक सुटतील. भागवतनं मला विचारलं नाही, अर्ध्याला कोण विचारतो. घर मोठं झालंय. वाचनालयातली नवी पुस्तकं आणून ठेवली आहेत, दोन पानं वाचून मिटते.

एक काम कर. तू कागदावरचं नाही, मनानं वाचत होतीस, तेव्हा सगळं आठवणार नाही. पण आठवेल तेवढं कागदावर लिही आणि मला पाठव. बोरांचं, ओढ्याचं, आणखी जे काय असेल ते. माझ्या बहिणीला मी काय काय लिहिलं होतं, ते मला एकदा वाचायचं आहे.

प्रयागा मावशी